पैसे कुठून आणले

“आलात एकदाचे!” कारकून खुर्चीवरून अर्धा उठलाच. दारात शिंपी उभा होता, काखेत प्लास्टिकची पिशवी. चार वाजून वीस मिनिटं झाली होती. पाचला मुदत संपत होती.

निवडणूक होऊन महिना झाला होता. उभं राहिलेल्या प्रत्येकाने प्रचाराच्या खर्चाचा हिशोब द्यायचा, जिंकलेल्याने आणि पडलेल्यानेही. नाही दिला तर पुढची सहा वर्षं उभं राहता येत नाही. अकरा जणांपैकी दहा जणांच्या फायली आल्या होत्या. राहिला होता हा शिंपी, एकशे तीन मतं पडलेला. “खर्चच केला नाही, तर हिशोब कसला?” हे त्याचं पालुपद. अशीच माणसं नेमकी सापडतात. लाखो उधळणाऱ्यांचे कागद वकील करतात, त्यांच्या केसालाही धक्का लागत नाही. कारकुनाला याचीच चीड होती. म्हणून घरी जाता जाता तो तीनदा शिंप्याच्या दुकानात गेला, समजावलं, चिडला, शेवटी अक्षरशः हात जोडले.

“मला पुढच्या वेळी परत उभं राहायचंय,” शिंपी बसत म्हणाला. “गल्लीतल्या लोकांनी सांगूनच ठेवलंय, मास्तर, तुम्हीच. म्हणून सगळं लिहून आणलंय. एका पैशाचा खोटेपणा नाही.”

कारकुनाने कागद उलगडला. पत्रकं. भाड्याचा भोंगा, दोन दिवस. सायकलचं पंक्चर, अहो, तेसुद्धा लिहिलेलं! त्याला हसू आलं, किती दिवसांनी. मग तो शिंप्याने हाताने आखलेल्या शेवटच्या रकान्यावर आला: पैसे कुठून आणले. तिथे शिंप्याने लिहिलं होतं, ‘भाऊसाहेबांचे सहा हजार झेंडे शिवले, त्याची मजुरी.’

भाऊसाहेब म्हणजे निवडून आलेले. त्यांच्या हिशोबात झेंडे होते चारशे. ती फाईल गेल्याच आठवड्यात वर गेली होती, आणि ‘तपासले, बरोबर आहे’ हा शेरा याच कारकुनाच्या हातचा. चारशे झेंड्यांत अख्खा वॉर्ड रंगत नाही, हे काय त्याला कळत नव्हतं? कळत होतं. पण कागद बरोबर होते, आणि बावीस वर्षांत तो कागदापलीकडे बघायला कंटाळला होता.

“मास्तर, हे झेंड्यांचं कशाला लिहिलंत? घरची शिल्लक होती म्हणून लिहा.”

“घरी शिल्लक असती तर त्यांचे झेंडे शिवत बसलो असतो का?” मग शिंप्याने आवाज खाली आणला. “आणि साहेब, मला काय कळलं नाही होय? तुम्ही तीन-तीनदा आलात ते यासाठीच. म्हटलं, या ऑफिसात एक तरी माणूस आहे, ज्याला खरं हवंय.”

कारकुनाने घड्याळाकडे पाहिलं. हा कागद वेळेत आत गेला की वाचला जाणार. सहा हजार आणि चारशे शेजारी शेजारी ठेवले जाणार. आणि भाऊसाहेबांना कुणी काही विचारायच्या आधी त्यालाच बोलावणं येणार. उशिरा आलेले कागद मात्र कुणी उघडत नाही, ते नुसते बांधून ठेवतात. त्याला फार दमल्यासारखं झालं. समोरच्या माणसाकडे बघायचीही लाज वाटली.

“बरं,” तो म्हणाला. “पण साध्या कागदावर चालत नाही. हा छापील नमुना घ्या, यात सगळं उतरवून काढा. अक्षर नीट, खाडाखोड नको. सावकाश होऊ द्या.” त्याने स्वतःचं पेन दिलं. चहा मागवला.

शिंपी मान खाली घालून एकेक अक्षर काढत राहिला. एकदा चुकला. कारकुनाने न कुरकुरता दुसरा नमुना पुढे केला. पाच वाजले. शेजारची टेबलं रिकामी झाली.

“झालं बघा!” शिंपी उठला. त्याचे डोळे भरून आले होते. “तुम्ही मागे लागला नसता तर मी कसला येतोय! वाचवलंत, साहेब.”

“पोच उद्या न्या,” कारकून म्हणाला. शिंपी जिना उतरून जाईपर्यंत तो थांबला. मग त्याने खण उघडला आणि ‘मुदतीनंतर मिळाले’ हा शिक्का बाहेर काढला.