पहिला शब्द मास्तरांचा

पुलाजवळच्या बारच्या मालकीणबाईंच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं नव्हतं. बिअरचा कारखाना चालवणाऱ्या मास्तरांनी ते दिलंच नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी पत्र आलं तेव्हा त्यांनी ते सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं होतं. ‘तुमच्या बिअरला हल्ली लोण्याचा वास येतो. एकदा बघा आणि मला कळवा.’

“बाईंचा पत्ता चुकला,” मास्तर म्हणाले होते, “डेअरी पुढच्या चौकात आहे.” सगळे पोट धरून हसले होते. मग त्यांनी ते पत्र चव घेण्याच्या खोलीतल्या फळ्यावर टाचणीनं लावून टाकलं. पुढच्या महिन्यापासून बाईंनी पिंपं घेणं बंद केलं.

आज चार पिढ्यांच्या त्या ब्रुअरीचा शेवटचा दिवस होता. सकाळीच एक वार्ताहर मुलगी येऊन गेली. तिला मास्तरांनी सांगितलं, “बिअर तीच आहे. जीभ बिघडलीय ती लोकांची. कुणाला डब्यातलं गोड पाणी हवं, कुणाला दारू नसलेली बिअर. मग नळाच्या पाण्यानं काय घोडं मारलंय?” मुलीनं ते हसत हसत लिहून घेतलं.

आता शेवटच्या टाकीतले चार ग्लास टेबलावर होते. तळघर सांभाळणारे अण्णा, बाटल्या भरणाऱ्या मावशी आणि ऑफिस पाहणारी मास्तरांची मुलगी भोवती उभे होते. मास्तरांनी ग्लास उजेडात धरला, फिरवला, नाक आत घातलं, एक घोट घेतला. पहिला घोट मास्तरांचा आणि पहिला शब्दही मास्तरांचा, ही इथली पद्धत. नंतरचे सगळे शब्द म्हणजे ‘हो’.

“झकास,” मास्तर म्हणाले.

अण्णांनी घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला.

“लोणी,” ते म्हणाले.

“काय?”

“लोण्याचा वास येतोय, मास्तर.”

“वा! उद्यापासून डेअरीत लागलात वाटतं?”

कुणी हसलं नाही. मास्तरांनी मावशींकडे पाहिलं. मावशी ग्लासाचा बाहेरचा ओघळ पुसत राहिल्या.

“मावशी?”

“जाऊ द्या ना मास्तर, आजच्या दिवशी कशाला.”

“मी विचारतोय.”

“येतो. चांगला भपकारा येतो.”

“कधीपासून?”

अण्णांनी फळ्याकडे पाहिलं.

मास्तरांचा आवाज चढला. “टाकी घाईनं उतरवली की लोण्याचा वास राहतो, चार दिवस जास्त ठेवली की जातो, हे तुम्हाला कुणी शिकवलं?”

“तुम्हीच. पण टाकी केव्हा उतरवायची ते तुमचं नाक ठरवायचं.”

मुलगी बाहेर गेली आणि पाठीमागे हात धरून परत आली. “बाबा, डोळे मिटा.”

“हा काय पोरखेळ?”

“मिटा ना.”

तिनं कडू वाळक्या फुलांची पहिली मूठ नाकाखाली धरली. “हॉप्स,” मास्तर लगेच म्हणाले. “मागच्या वर्षीचे. आणि ओलसर जागी ठेवलेत, कितीदा सांगितलंय!” तिनं भाजक्या जवाची दुसरी मूठ धरली. “माल्ट. जरा जास्त भाजलाय.” त्यांचा आवाज पुन्हा नेहमीसारखा झाला होता. तिसऱ्या वेळी मात्र ते हुंगतच राहिले. एकदा, दोनदा, मान पुढे काढून.

“रिकामी मूठ आहे,” ते म्हणाले. “मला फसवताय होय?”

“उघडा डोळे.”

मुलीच्या हातात तिच्या जेवणाच्या डब्यातली डबी होती. काठोकाठ लोण्यानं भरलेली.

मास्तरांनी डबीत बोट बुडवलं. ते नाकाशी नेलं. पुन्हा बुडवलं, पुन्हा नेलं. मग ते बोट तसंच हवेत धरून उभे राहिले. कुणा परक्याचं असावं तसं त्याच्याकडे पाहत.

“घरी तुम्ही नेहमी म्हणता ना,” मुलगी हळूच म्हणाली, “हल्लीच्या लोण्यात काही राम राहिला नाही...”

मास्तर स्टुलावर बसले.

“अकरा वर्षं,” ते म्हणाले. “एकानं तरी सांगायचं होतं.”

“त्याच दिवशी सांगणार होतो,” अण्णा म्हणाले. “तुम्ही पत्र वाचलंत. सगळे हसले. मग मीही हसलो.”

“लोकांचंही बदललंच की हो, मास्तर,” मावशी समजुतीनं म्हणाल्या. “माझे दोन्ही जावई थेंबाला शिवत नाहीत. तुमच्या एकट्याच्या नाकानं का कारखाना बुडतो?”

मास्तरांनी ते ऐकलं की नाही कळलं नाही. त्यांनी रुमालानं बोट पुसलं, एकेक पेर नीट. मग उठून फळ्यावरची टाचणी काढली, पत्र वाचलं, या वेळी मनातल्या मनात, आणि मुलीकडे कागद मागितला. लिहायला फार वेळ लागला नाही.

‘बाई, सप्रेम नमस्कार. लोण्याचा वास येत होता. मला येत नव्हता.’

खाली सही केली, कागद पाकिटात घातला आणि वर जुन्या पत्रातला पत्ता लिहिला.

“बाबा, त्या असतील का आता तिथं?”

“पत्ता तर आहे.”

“आणा, मी टाकून येतो,” अण्णांनी हात पुढे केला.

“नको.”

टपालपेटी फाटकालाच होती. मास्तर अंगावरच्या एप्रनसकट अंगणातून चालत गेले. पेटीच्या तोंडाशी पाकीट अर्धं आत, अर्धं बाहेर असं त्यांच्या हातात बराच वेळ राहिलं. मग हात मोकळा झाला. पाकीट पार तळाशी जाऊन पडल्याचा आवाज दारात उभ्या असलेल्या तिघांनाही ऐकू आला.