नाही म्हणायला एक

“नकार हवाय ना? देतो की,” जेलर म्हणाले. “तुरुंगात काय कमी आहे? कसला हवा?”

“मनापासूनचा,” प्रोफेसर म्हणाले. “म्हणजे, स्वेच्छेचा.”

“आमच्याकडे सगळं स्वेच्छेनंच चालतं,” असं म्हणून जेलरनी टेबलावरची घंटी दाबली आणि पहारेकऱ्याला नाही म्हणणारा एक कैदी आणायला पाठवलं.

अपराध्यांच्या पश्चात्तापावर प्रोफेसर प्रबंध लिहिणार होते. गेली कित्येक वर्षं लिहिणार होते. डॉक्टर ही पदवी अजून मिळायची होती, पण घरी ती केव्हाच मुक्कामाला आली होती. बायको शेजारणींशी बोलताना ‘आमचे डॉक्टर’ म्हणे. सासरेबुवांनी दारावरची पाटी करून आणली होती. ती वाचून एक म्हातारा पोटदुखी घेऊन आला आणि बरा होऊन गेला. यंदा प्रबंध झाला नाही तर पदवीच काय, नोकरीही जाणार होती. आणि नेमकं आताच विद्यापीठाच्या नीतिसमितीनं घोडं अडवलं होतं.

समितीच्या अध्यक्षबाईंनी संमतीपत्रांचा गठ्ठा चष्म्यावरून पाहिला होता. “मुलाखत द्यायला एकही कैदी नाही म्हणाला नाही?”

“एकही नाही,” प्रोफेसर छाती फुगवून म्हणाले, आणि तिथेच त्यांनी माती खाल्ली.

“मग ही संमती नव्हे, धाक आहे. जिथे नाही म्हणता येत नाही, तिथलं होय काय कामाचं? आधी नाही म्हणणारा दाखवा, मग पुढचं बोलू.”

आता त्या तुरुंगाची गंमत अशी, की आत शिरतानाच फाटकावर कैद्याचा पट्टा, बुटांच्या नाड्या आणि ‘नाही’ हा शब्द काढून घेत. पट्टा आणि नाड्या सुटताना परत मिळत. तिथली कुत्रीसुद्धा शेपूट आडवी हलवत नसत, वरखाली हलवत. एवढ्या मोठ्या तुरुंगात नाही म्हणायला एक माणूस नव्हता.

पहारेकरी ज्याला घेऊन आला, तो तर या सगळ्यांचा बाप होता. अंगानं काटकुळा, कपडे धुऊन धुऊन हात पांढरे पडलेले, आणि मान स्प्रिंगवर बसवल्यासारखी. सगळे त्याला होयबा म्हणत.

“याला कशाला आणलंस?” जेलर खेकसले.

“सांगितलेलं ऐकतो, साहेब. बाकीच्यांचा भरवसा नाही. ऐन वेळी होय म्हणून मोकळे होतील.”

जेलर होयबाकडे वळले. “हे प्रोफेसर विचारतील, मुलाखत देतोस का. तू नाही म्हणायचं.”

“होय साहेब.”

“अरे होय नाही, नाही.”

“बरं साहेब.”

“बरंही नाही. नाही. आणि स्वेच्छेनं म्हणायचं हं. स्वेच्छेनं म्हटलं नाहीस, तर धुलाईचं काम बंद. दगड फोडायला पाठवीन.”

प्रोफेसरांना हे ऐकून कसंसंच झालं. म्हणून ते खिडकीबाहेर बघत राहिले. न ऐकलेल्या गोष्टीचा प्रबंधाला त्रास होत नाही.

मुलाखत एकांतात घ्यायची असा नियम होता. जेलर आणि पहारेकरी बाहेर गेले. प्रोफेसरांनी घसा साफ केला.

“तुम्ही माझ्या संशोधनात भाग घ्याल का? नाही म्हणालात तरी तुमचं काही बिघडणार नाही.”

होयबाची मान सवयीनं खाली निघालीच होती. त्यानं हनुवटी हातात घट्ट धरून ती अडवली. “ना...” म्हणाला आणि त्याला ठसका लागला. प्रोफेसरांनी स्वतः उठून पाणी दिलं. पोटच्या पोरीचं पहिलं पाऊलसुद्धा त्यांनी इतक्या आशेनं पाहिलं नव्हतं.

“म्हणा, म्हणा. जमेल.”

“नाही,” होयबा म्हणाला.

प्रोफेसरांनी झरझर लिहून घेतलं, खाली त्याची सही घेतली आणि सुटकेचा निःश्वास टाकला. अंगावरून हत्ती उठून गेल्यासारखं वाटलं त्यांना.

होयबा मात्र जागचा उठेना. “नाही,” तो पुन्हा म्हणाला, आपल्याशीच. मग जरा मोठ्यानं, “नाही.” छप्पर कोसळलं नाही. कुणी काठी घेऊन धावून आलं नाही.

“साहेब, हे इतकं सोपं असतं?”

“असतं की.”

“मग चौकीतसुद्धा चाललं असतं.” त्याचा आवाज बारीक झाला. “मालकीणबाईंचा हार तू घेतलास का, असं विचारलं तिथं. भोवती सगळे उभे होते. मी होय म्हटलं. हार नंतर त्यांच्याच कपाटात सापडला, साहेब. बाई स्वतः माझ्या बायकोला सांगून गेल्या. पण म्हटलेलं होय माघारी कसं घ्यायचं, ते आमच्यात कुणाला ठाऊक? तुम्ही शिकलेले. बाहेर जाऊन एवढं सांगाल? लेकीला सासरी चोराची पोर म्हणतात.”

प्रोफेसरांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. माणूस खरं बोलत होता. क्षणभर त्यांनी बंद केलेलं पेन पुन्हा उघडलंही. मग त्यांची नजर कागदावरच्या ओल्या सहीवर गेली.

“तुम्ही आत्ताच नकार दिलाय,” ते हळुवारपणे म्हणाले. “नकार देणाऱ्याचं एक अक्षरही मला बाहेर नेता येत नाही. तसा नियम आहे. तुमच्याच हक्कांसाठी केलाय.”

होयबानं थोडा विचार केला. “मग तो नकार फाडा, साहेब. मी होय म्हणतो.”

“नाही,” प्रोफेसर म्हणाले.

त्या तुरुंगात कुणी आपण होऊन दिलेला तो पहिला नकार.