फक्त तीन दिवस

बायको शिंकली आणि औषधांच्या दुकानदाराचा जीव भांड्यात पडला. सर्दी अजून होती तिथेच होती. म्हणजे आजही दुकानामागच्या गल्लीत एक सिगारेट ओढायला हरकत नव्हती.

गेल्या वर्षी त्याच्या छातीत कळ आली, तेव्हा बायकोचा हात हातात घेऊन त्याने सिगारेट सोडली होती. तो शब्द वर्षभर टिकला, याचं श्रेय त्याच्या निर्धारापेक्षा तिच्या नाकाला जास्त होतं. शेजारच्या घरात दूध करपलं तरी तिला आपल्या स्वयंपाकघरात कळायचं. तिच्यापुढे पेपरमिंटची काय मात्रा चालणार?

आणि सोमवारी ते नाक चोंदलं.

तिने नाकात घालायचे थेंब मागितले. अख्ख्या वस्तीला थेंब विकणारा हा माणूस घरात मात्र डॉक्टरांच्या वरताण झाला. थेंबांनी नाकातल्या शिरा आकसतात, पाच मिनिटांत नाक मोकळं होतं, हे सगळं त्याने मान्य केलं. पण तीन दिवसांच्या वर गेलीस की नाक उलट जास्तच चोंदतं आणि मग थेंबांवाचून श्वास घेववत नाही, असं म्हणून त्याने मान हलवली. गोळ्यांचं तर तुझ्यासारख्या ब्लडप्रेशरवालीने नावच काढू नये, हेही सांगितलं. यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. खोटी होती ती फक्त कळकळ.

"एकदा का सवय लागली ना, की सुटत नाही," त्याने बजावलं आणि मिठाच्या पाण्याची बाटली तिच्या हातात ठेवली. ती बाटली घेऊन आत गेली. त्या दिवसापासून रोज एक सिगारेट. बुधवारी दोन.

आज शनिवार. दुपारी तो जेवायला घरी आला, तेव्हा ती खुर्चीत बसल्या बसल्या तोंडाने श्वास घेत डुलक्या काढत होती. समोर त्याचं ताट झाकून ठेवलेलं होतं. त्याने एक घास घेतला आणि ताट पुन्हा झाकून ठेवलं. एवढ्याशा धुरासाठी आपण हिला सहा दिवस गुदमरत ठेवलं, या विचाराने त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

हात धुऊन तो तसाच दुकानात गेला. थेंबांची बाटली घेतली. खिशातलं सिगारेटचं पाकीट गल्लीतल्या कचरापेटीत टाकलं. घरी येऊन त्याने आधी तिचं ब्लडप्रेशर मोजलं. ठीक होतं. मग तिला मान मागे टाकायला सांगून तो बाटली घेऊन उभा राहिला.

"दोन थेंब, तीनच दिवस. चौथ्या दिवशी मागितलेस तरी देणार नाही," तो म्हणाला. "आणि नाक मोकळं झालं की तुला एक वास येईल. तो माझाच आहे. सोमवारपासून ओढतोय."

तिने त्याचा हात अलगद बाजूला केला, उठून खण उघडला आणि एक बाटली टेबलावर ठेवली. तेच थेंब. बाटलीवर समोरच्या दुकानाचं लेबल होतं, म्हणजे ज्याचं तोंडही तो बघत नसे त्या माणसाच्या दुकानाचं. लेबलवर ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, 'फक्त तीन दिवस'.

"मंगळवारीच डॉक्टरांना दाखवून आणले," ती म्हणाली. आवाज अगदी स्वच्छ होता.

मंगळवार, बुधवार, गुरुवार. त्याने मनात बोटं मोजली आणि बुधवारपाशी त्याचा चेहरा उतरला. मग ही सर्दी, या शिंका, हे डुलक्या काढणं कशासाठी, असं त्याने कसंबसं विचारलं. तुम्ही आपणहून थेंब कधी आणताय ते बघत होते, असं ती म्हणाली आणि पहिल्यांदाच हसली.

त्याने बाटली उजेडात धरली. जवळजवळ भरलेलीच होती.

"सवय लागली की सुटत नाही म्हणालात, म्हणून मी तिसऱ्या दिवशी सोडले," ती म्हणाली. तिने त्याच्या खिशातलं पेन काढून घेतलं. "आता सांगा, तुमच्या सिगारेटला किती दिवस लिहून देऊ?"