डावा हात

मंगळवारी सकाळी नऊच्या सुमाराला अमृतराव बाजेवर उठून बसला आणि बोलू लागला. काय बोलतोय, कोणालाच कळेना. मान डुलत होती, तोंडातून लाळ गळत होती. त्याचे थोरले भाऊ भगवानराव यांनी लगबगीनं त्याचं कपाळ कुंकवानं भरलं, गालापर्यंत फासलं आणि बाजेपुढं नारळ फोडला.

घटकाभरात अंगण भरलं. दर नवरात्रात अमृतरावच्या अंगात देवी यायची. यंदा ती वैशाखातच आली, तीही आपल्या वारी, मंगळवारी, घरोघर कोरोना असताना. तोंडाला पदर बांधून बाया ओळीनं बसल्या. कोणी विचारलं, ही बिमारी गावातून कधी जाईल. एकीचा मुलगा हैदराबादला ऑक्सिजनवर होता. तिनं काही न विचारता नुसती ओटी पुढं केली. अमृतराव बरळायचा आणि भगवानराव त्याचा अर्थ सांगायचे.

अमृतरावची बायको रुख्मिणी चौकट धरून उभी होती. मंगळवारचा उपास, सकाळपासून पाणीही घेतलेलं नव्हतं. देवी आली की ती नवऱ्याला माय म्हणायची, शिवायची नाही. पण आज तिला शंका येत होती. कोरोना होऊन त्याला आज बारावा दिवस. ताप उतरला होता, तरी कालपासून त्यानं दोनदा विचारलं होतं की आपण कोणाच्या घरी आलो आहोत.

गावची आशा वर्कर सुनयना मागच्या दारानं आली आणि तिच्या कानाशी लागली. या बिमारीत कोणाकोणाच्या रक्ताची गाठ होते, ती मेंदूत जाऊन अडकते, असं सुनयनाला तामसीच्या दवाखान्यातल्या मीटिंगमध्ये सांगितलं होतं. काकांना दोन्ही हात वर करायला लावून पाहा, म्हणाली. तसंच असलं तर चार घंट्यांच्या आत आदिलाबादच्या दवाखान्यात पोचायला पाहिजे. एक घंटा तर गेलाच.

रुख्मिणीला दोन्हीकडून धडकी भरली. खरंच माय असली आणि आपण तिची परीक्षा घेतली तर? आणि नसली तर?

डोक्यावरचा पदर सावरत ती बायांच्या ओळीतून पुढं गेली आणि बाजेपुढं गुडघ्यावर बसली.

"माय, लेकरायले आशीर्वाद दे. दरसाल देतं तसा, दोन्ही हातानं."

अमृतरावचा उजवा हात थरथरत वर गेला. डावा मांडीवरच पडून राहिला, कोणी तिथं ठेवून विसरून गेल्यासारखा. इतक्या जवळून तिला ओठाचा डावा कोपराही दिसला. तो खाली लोंबत होता. कुंकवाखाली कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"माय अर्ध्या अंगात नाई येत," रुख्मिणी म्हणाली. "गाडी आना."

भगवानरावांसमोर ती आजवर मोठ्यानं बोललेली नव्हती. ते म्हणाले, "अवं, देवी बसून हाय. मधातूनच उठवलं अन् कोपली तं?"

"तं मी तिच्या पाया पडीन, भाऊजी. माय आयकते. या बिमारीच्या कुठं पाया पडू?"

कोणी हललं नाही. मग हैदराबादला मुलगा असलेली ती बाई उठली. ओटी तिनं भिंतीशी ठेवली आणि बाजेचा एक पाय धरला. तेव्हा बाकीच्याही उठल्या आणि बाज उचलली. शेजारच्या भूषणनं आपली भाजीची पिकअप दाराशी लावली. गाडी निघाली तरी बायांचे हात जोडलेलेच होते.

बोलतं ठेवा, झोपू देऊ नका, असं सुनयनानं बजावलं होतं. मागं रिकाम्या कॅरेटांच्या मधोमध नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन रुख्मिणी त्याला विचारत राहिली. बैलांची नावं. गावचं नाव. दिवस कोणता. रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्याला त्याची मान लुळी होऊन फिरायची आणि ती सरळ करायची.

शेवटी तिनं विचारलं, "मी कोन व्हय, सांगा बरं?"

त्यानं तिच्याकडं पाहिलं. मग परक्या बाईला करावा तसा, त्यानं एका हातानं तिला नमस्कार केला.