खोडलेलं वाक्य

आईचं तेरावं झाल्यावरच्या गुरुवारी साधना केंद्रात तिची अनुभवांची वही वाचायला घेतली, तेव्हा निरुपमा मागच्या सतरंजीवर बसली होती.

“‘ध्यानात माकडहाडापासून मुंग्या चढल्या. पाय बधिर झाले. स्वप्नात पाठीतून पलिता फिरला,’” प्रमिलाताई वाचत होत्या. “बघा, कुंडलिनी कशी जागी होत होती! भाग्यवान हो कुमुदताई.”

“आम्ही दहा वर्षं बसतोय, एक मुंगी चढेल तर शपथ,” कुणीतरी म्हणालं आणि सगळ्या हसल्या.

ती मणक्यातली गाठ होती. सहा महिने आधी आणलं असतं तर वाचल्या असत्या, असं डॉक्टर म्हणाले होते. आज या बायकांना हे तोंडावर ऐकवायचंच, असं ठरवून निरुपमा आली होती. ती उठून पुढे गेली.

वहीत आईच्या अक्षरांवर लाल शाईच्या दुरुस्त्या होत्या. निरुपमाच्याच. केंद्राच्या मासिकासाठी मजकूर देण्याआधी आई दर महिन्याला वही तिच्यापुढे ठेवायची. “तू वाचणारी बाई. जरा नीट करून दे गं.”

“इथे एक वाक्य खोडलंय, ते सोडून दिलं मी,” प्रमिलाताई म्हणाल्या.

“वाचा.”

त्यांनी चष्मा सारखा केला. “‘रात्रभर फार दुखतं. निरूला सांगावं का?’”

शेजारी समासात लाल शाईत लिहिलं होतं, ‘घरगुती मजकूर. वगळावा.’