कॉईलची वायर
भुईगावच्या वाडीत जावई भाड्याची मोटार घेऊन आला होता. माहेरी पळून आलेल्या प्रेमलताला सासरी न्यायचं होतं. तिच्या पाठीवरचे वळ अजून काळेनिळे होते, पण वडिलांनीच तिला मोटारीत बसवलं. ड्रायव्हर काशीरामने कितीदा हँडल मारलं, तरी इंजिन हूं की चूं करीना. बॉनेट उघडून तो म्हणाला, "पेट्रोल आहे, बॅटरी ठीक आहे. पण ठिणगीच पडत नाही. कॉईलची वायर कोणीतरी काढलीय." सकाळी प्रेमलताच्या आईने, आनंदीबाईंनी, मोटार कशाने सुरू होते असं विचारलं म्हणून त्यानेच ती वायर दाखवली होती. आनंदीबाईंनी ओटीवरून उतरून कमरेला खोचलेली वायर सगळ्यांसमोर धरली. "मी काढली." "आत हो," त्यांचा नवरा गुरकावला. त्यांनी तिकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. मोटारीचं दार उघडून लेकीला हाताला धरून उतरवलं. मग वायर काशीरामच्या हातात दिली. "आता लाव. जावईबापू एकटेच जातील."