‘हाडन्‌हाड’वरचा वाचक

ज्या वर्षी थोरल्या भावाला जुळ्या मुली झाल्या, त्याच वर्षी ती मेडिकलला अ‍ॅनाटॉमीत नापास झाली. दोन्ही बातम्या घरी एकाच दिवशी पोचल्या. हसावं की रागवावं, हे वडिलांना संध्याकाळपर्यंत ठरवता आलं नाही.

रडून झाल्यावर तिने कंबर कसली आणि वेबसाइट काढली. नाव ठेवलं ‘हाडन्‌हाड’. चित्रं तिची, सोप्या मराठीतली टिपणं तिची आणि संगणकाची खटपट वर्गातल्या मित्राची. त्याला सगळे चष्मा म्हणत. प्रत्येक पानाखाली वाचकांना प्रश्न विचारायला जागा होती. चार महिन्यांत इतर कॉलेजांतली मुलंही तिथे येऊ लागली.

मग तिच्या हातून एक चूक झाली. मनगटातल्या नसा काही केल्या चित्रात नीट उतरेनात, म्हणून तिने देह कापून शिकायच्या डिसेक्शन हॉलमध्ये चार नंबरच्या टेबलावरच्या देहाच्या हाताचा फोटो काढला आणि वेबसाइटवर टाकला. हॉलमध्ये फोन न्यायलाच बंदी होती. दोन दिवसांनी धीर सुटला आणि तिने फोटो काढून टाकला.

तिसऱ्या दिवशी ‘वाचक’ या नावाने प्रश्न आला : ‘डिसेक्शन करताना मुलं हसतात का?’

“मेलो,” चष्मा म्हणाला. “हे मोठे सर आहेत.”

“कशावरून?”

“आपल्यातलं कोणी असलं काही विचारेल? परीक्षेत येणार का, एवढंच विचारतात सगळे. आणि वेळ बघ. दुपारी अडीच. सरांचं लेक्चर दोनला संपतं.”

मोठे सर म्हणजे विभागप्रमुख. गेल्या वर्षी हॉलमध्ये फोन सापडला म्हणून त्यांनी एका मुलाला वर्षभरासाठी घरी पाठवलं होतं. तो परत आलाच नाही. ती तर आधीच एकदा नापास झालेली. आता वर्ष गेलं असतं, तर डॉक्टरकी कायमची सुटली असती.

खरं सांगायचं तर मुलं हसत होती. चार नंबरच्या देहाला त्यांनी ‘पैलवान’ असं नाव ठेवलं होतं. एकदा कोणीतरी त्याच्या ताठ हातावर एप्रन अडकवला होता, खुंटीला अडकवावा तसा. तेव्हा तीही हसली होती.

तिने लिहिलं : ‘नाही. इथे कोणी हसत नाही.’

दुसऱ्या दिवशी अडीच वाजता : ‘नावं ठेवतात का?’

‘नाही. ते आमचे पहिले गुरू आहेत.’

‘काम संपल्यावर तोंड झाकता का?’

‘रोज. ओल्या कापडाने.’

‘कापलेलं पुन्हा शिवता का? टाका कोणता घालता?’

“बघ, तोंडी घेतायत,” चष्मा म्हणाला. तिने पुस्तक उघडून टाक्यांवर दीड पान लिहिलं.

लिहिलेलं अंगाशी येऊ नये, म्हणून तिने वर्गालाही दम भरला. “आजपासून पैलवान म्हणायचं नाही.”

“मग काय म्हणू? काकासाहेब?”

“तोंड झाकायचं, आणि हसायचं नाही. सर कधीही आत येतील.”

“जशी आज्ञा, राणीसरकार,” मागून कोणीतरी म्हणालं. पण कापड आणलं त्यानेच.

त्या रविवारी आत्याचा फोन आला. वडिलांची ही बहीण त्यांच्याच घरी राहायची. हिला लहानाचं मोठं तिनेच केलं होतं.

“काय डॉक्टरीणबाई, हाडं मोजून झाली का?”

“दोनशे सहा. आत्या, डोक्याला फार ताप आहे गं सध्या.”

“इथे दोन ताप आहेत, आळीपाळीने रडतात. दुपारी तासभर झोपतात तेवढीच शांतता. बरं, पोटात काही जातंय का तुझ्या?”

“जातंय गं. परीक्षा झाली की बोलू.”

“बोलू की,” आत्या म्हणाली आणि खोकली.

सोमवारी वाचकाने शेवटचं लिहिलं : ‘आभारी आहे. आता शंका उरली नाही. आज सही केली.’

“कशावर सही?” तिने विचारलं.

चष्म्याचं तोंड उतरलं. “तुला काढायच्या पत्रावर. दुसरं काय?”

त्यानंतर तीन आठवडे एकही प्रश्न आला नाही. तिचा जीव टांगणीला लागला. शिपाई पाकीट घेऊन वर्गात आला की ती पुस्तकात डोकं घालायची. पत्र काही आलं नाही. गुरुवारी प्रॅक्टिकल परीक्षा संपली आणि ती तडक मोठ्या सरांच्या खोलीत गेली.

“सर, तो फोटो मीच काढला होता. आणि तुम्हाला उत्तरंही खोटी दिली. आम्ही हसायचो, सर. त्यांना नावही ठेवलं होतं.”

सरांनी पेन खाली ठेवलं. “कुठला फोटो? कसली उत्तरं?”

“‘हाडन्‌हाड’वर, सर. तुमचे प्रश्न…”

“अगं, माझा मेल उघडायलासुद्धा मला क्लार्क लागतो. मी कशाला तिथे प्रश्न विचारू?” मग त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. “फोटोचं उद्या बघू. शिक्षा होईल, पण वर्ष जाणार नाही. हसायचो म्हणालीस. आणि आता?”

“आता नाही, सर.”

“मग जा.”

बाहेर येऊन तिने भिंतीला पाठ टेकली. किती दिवसांनी तिला मोकळा श्वास घेता आला. तेवढ्यात वडिलांचा फोन आला.

“परीक्षा झाली ना? मग सांगतो. आधी सांगायचं नाही, अशी आत्याची सक्त ताकीद होती. दुखणं जुनं होतं, तिने लपवलं. तीन आठवड्यांपूर्वी देहदानाचा फॉर्म भरला. तुझ्या कॉलेजला नको म्हणाली, पोरीचा हात थरथरेल. म्हणून दुसऱ्या कॉलेजला दिलं. मी नकोच म्हणत होतो गं. तर म्हणाली, मी पोरीकडूनच सगळं लेखी विचारून घेतलंय, तिथली मुलं फार चांगली असतात. कधी विचारलं तिने तुला?”

आत्या त्याच आठवड्यात मंगळवारी सकाळी सात वाजता वारली होती.